शंभरातले किती

जुनं गोणपाट, बादलीभर पाणी, सुतळी,
आणि शंभर दाणे. फार काही लागत नाही.
विट्याहून आलेली एसटी पावणेनवाला मला उतरवते.
भाळवणीच्या चावडीपुढं मी गोणपाट अंथरते
आणि कट्ट्यावरची माणसं बघत बसतात,
ही बाई आता काय विकणार म्हणून.

विकत काहीच नाही. मोजते.
दहा-दहाच्या ओळी, दाण्यात बोटभर अंतर,
वरून दुसरं ओलं गोणपाट, मग सैलसर गुंडाळी.
चिठ्ठीवर नाव, गट नंबर, तारीख.
माघाची थंडी अजून रात्री येरळेतून वर चढते.
इतक्यात टोकणीला घाई करू नका, सांगते,
पहाटे अंगावरची वाकळ आपोआप पायाशी गेली, की मग.
(आमच्या पुस्तकात अठरा अंश लिहिलंय.
वाकळीला ते आधी कळतं.)

मी भाताच्या मुलखातली, लांज्याची.
आमच्याकडं रोप दाटीत वाढतं, शेत त्याला मागाहून भेटतं.
इथं भुईमुगाचा दाणा एकटाच जातो आत,
तीन बोटं खोल, ओळखीचं कुणी नसताना.
पहिल्या वर्षी मी शाळूला मका म्हणाले होते.
ते अजून हसतात.

सातव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या.
मुलाण्यांच्या नूरभाईंचे त्र्याण्णव.
लोहारतात्यांचे अठ्ठ्याऐंशी, आणि वर टोमणा:
दाण्याचं बघताय, जरा माझ्या गुडघ्याचं पण उगवतंय का बघा.
गजराबाई धनवड्यांचे
एकोणपन्नास.

त्यांनी स्वतः मोजले, त्यांच्या पद्धतीनं, चार-चाराचे गंडे पाडत.
बारा गंडे आणि एक.
"पन्नास म्हण की गं. एकानं काय हुतंय?"
मी एकोणपन्नास लिहिलं.
त्या पुढं काही बोलल्या नाहीत, पदरानं हात पुसत राहिल्या.
मग नूरभाईंनी सांगितलं,
ते बी गजराबाईंच्या लग्नात रुखवतातून आलंय, वांगीहून.
एकतीस वर्षं पेरायचं, काढायचं, राखेत ठेवायचं.
दुकानाची पिशवी त्या घरात कधी गेली नाही.

मी न उगवलेले एक्कावन्न तळहातावर घेतले,
भिंगातून एकेक फिरवला.
दाणा भरलेला. पण तांबडं साल चिरलेलं,
कुठं टोक उडालेलं, अंकुराच्या जागीच नेमकं.
"शेंगा फोडल्या कुणी?"
"मशीननं. यंदा बोटं चालंनात, पोरी."
"आणि न फोडलेल्या?"
"अर्धं पोतं हाय माळ्यावर."

पोतं आलं. कुणी कुणाला बोलावलं नाही,
पण कट्टा मोकळा झाला आणि गोणपाटाभोवती भरला.
चिमटीत शेंग, अंगठ्याचा दाब, टक्.
टक्. तात्यांचा चष्मा घसरत होता.
पोरं चार फोडायची, दोन खायची.
गजराबाई नजरेनंच हिशेब ठेवत होत्या.
मी मधेच सांगून घेतलं:
गुळाच्या पाण्यात जिवाणू खत कालवा, हलक्या हातानं चोळा,
सावलीत सुकवा, उन्हात नको,
ते जिवंत असतं, दह्याच्या विरजणासारखं.
"एवढंच हुतं तर आधी सांगायचं," एकजण म्हणाला.
गेल्या वर्षी सांगितलं होतं. असो.

पुन्हा शंभर दाणे, पुन्हा गुंडाळी.
ही मात्र त्यांनी घरी नेली,
पाणी मीच शिंपडीन म्हणाल्या.

आज पहाटे जाग आली तर वाकळ पायाशी.
विट्याच्या स्टँडवर फोन वाजला. आठवा दिवस नव्हता, सातवाच,
आणि माझी वाट न बघता गुंडाळी उघडलेली.
"एकवीस गंडे आन् तीन," त्या म्हणाल्या.
मी वही गुडघ्यावर घेऊन चारानं गुणत होते
तोवर पलीकडून आवाज आला, जरा करडाच:
"सत्त्याऐंशी लिव. अठ्ठ्याऐंशी करू नगंस."